नाशिक: साइटवरून पडलेल्या भावाची भरपाई बिल्डरकडे मागायची की ठेकेदाराकडे?

नमस्कार मंडळी. माझा चुलतभाऊ हरसूलकडचा, वय ४०, सेंटरिंगच्या कामाला. ऑगस्ट २०२५ मध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या एका इमारतीवर प्लेटा काढताना दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. दोन्ही टाचांची हाडं मोडली, ऑपरेशन झालं. आता चालतो, पण शिडी चढणं बंद, म्हणजे धंदाच बंद.

दवाखान्याचं अर्धं बिल ठेकेदाराने भरलं आणि मग फोन उचलणं सोडलं. बिल्डर म्हणतो, "तो आमचा माणूसच नाही." आता ठेकेदार चाळीस हजार देतोय, पण पाचशेच्या स्टॅम्पवर 'यापुढे काही मागणार नाही' असं लिहून हवंय. वर ऐकवतो, बेल्ट लावला नव्हता. अहो, साइटवर बेल्ट होता कुठे! हजेरीत नाव नाही, बांधकाम कामगार मंडळाचं कार्डही नाही. आठशे रोज मात्र फोनवर जमा व्हायचा, ते मेसेज आहेत. वहिनी म्हणते, मिळतंय ते घ्या. काय करावं?

प्रतिसाद १:
आधी एक, सही करू नका. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३, कलम १७: हक्क सोडून देणारा करार रद्दबातलच असतो. तरी कागद त्यांच्या हाती गेला की वर्षभर त्यावरच वाद घालतील.

बिल्डर सुटत नाही. आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेणारा मालक कलम १२ प्रमाणे भरपाईला जबाबदार; त्याने ती मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. (कुणी स्वतःला राहायला बंगला बांधत असता तर हे इतकं सरळ नव्हतं.) अर्जात दोघांनाही ओढा.

बेल्टचा बचाव दिलेलं साधन मुद्दाम टाळलं तरच चालतो. दिलंच नाही तर टाळणार काय? कार्ड मंडळाच्या योजनांसाठी लागतं, या दाव्यासाठी नाही.

आता हिशोब बघा. पगार त्याहून जास्त असला तरी महिना १५,००० च धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला चाळिशीचा गुणक १८४.१७, म्हणजे कमावण्याची ताकद पूर्ण गेली तर १६,५७,५३०. डॉक्टरांनी कमावण्याची ताकद ३० टक्के गेली असं लिहिलं तर जवळजवळ पाच लाख. उशिराचं १२ टक्के व्याज आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. वहिनींना हा आकडा दाखवा.

या कायद्याच्या जागी आलेली सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली, पण अपघात त्याआधीचा, म्हणून जुनाच कायदा. अर्ज कामगार न्यायालयात, अपघातापासून दोन वर्षांच्या आत.

प्रतिसाद २:
दवाखान्याच्या केसपेपरवर 'कामावर पडून' लिहिलंय का? नुसतं 'पडून' असेल तर ठेकेदार घरी पडला म्हणायला मोकळा. सोबतच्या मजुरांचे नंबरही आजच घ्या, साइट संपली की माणसं पांगतात.

धागाकर्ता:
केसपेपरवर 'बांधकामावरून पडून' आहे, आत्ताच पाहिलं. सोबतचे दोघे आमच्याच गावचे, पण अजून त्याच ठेकेदाराकडे कामाला. साक्ष देतील का, हीच भीती. नाशिकला असे दावे चालवणारे वकील माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.