विचारवंत गावात येतात, पण पहिला प्रश्न कोणाचा?

वाचनालयवाला मास्तर
आमच्या गावात (वर्धा जिल्हा) वाचनालयात महिन्यातून एकदा बैठक भरते. बाहेरून अभ्यासू माणसं येतात. समाज, यंत्र, माणसाचं पुढे काय होणार यावर बोलतात. गेल्या वेळी विषय होता कृत्रिम बुद्धिमत्ता. दीड तास व्याख्यान झालं, प्रश्नांना उरली दहा मिनिटं. दाराजवळ बसलेल्या एका काकूंनी विचारलं, "वेचणीचं मशीन आलं तं दिवाळीनंतर आमी काय करावं?" पाहुणे म्हणाले, नवी कौशल्यं शिकावी लागतील. काकूंनी मान हलवली आणि स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून उठल्या. वाळल्या बोंडांची टोकं लागून त्यांच्या बोटांची पेरं फाटलेली होती, त्यात हळद भरलेली. दिवसभर ओटी बांधून कापूस वेचून त्या थेट आल्या होत्या.

मला तेव्हापासून चैन नाही. बैठका हव्यातच. पण पहिला प्रश्न काकूंचा असावा आणि पाहुण्यांनी त्यावर बोलावं. तुमचं मत सांगा.

पऱ्हाटीवाला
मास्तर, राग नका मानू, पन या बैठकीनं आमचं काय भलं झालं? माह्या वावरात कापूस फुटून लोंबून रायला अन् वेचाले मानूस भेटत नाही. किलोमागं भाव दरसाल वाढते. काकूचं खरं आहे, पन मालकाचंबी आयका ना. मले मशीन उद्या पायजे. आपली पऱ्हाटी पसरते, बोंडं एका वक्ताले फुटत नाहीत, तीन-चार वेचे करा लागतात, म्हनून मशीन चालत नाही. ठेंगनं, दाट लावाचं वाण पायजे, एकदम फुटनारं. त्यावर बोलनारा शास्त्रज्ञ आना. पुढल्या शंभर वर्साच्या गोष्टी आयकून काय करता?

वाचनालयवाला मास्तर
भाऊ, आणू. पण एक आठवण करून देतो. २००२ साली बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणाऱ्या वाणाला, परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या कापसाची १२० ग्रॅमची पुडी यायची. ती कडेनं लावायची, म्हणजे साध्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांचे पतंग बीटी पचवणाऱ्या अळ्यांच्या पतंगांशी जुळतील आणि अळीची सहनशक्ती वाढायला वेळ लागेल. किती जणांनी लावली? माझ्या वडिलांनी ती पुडी कोनाड्यात ठेवली होती, कारण "का लावायची" हे कोणी बसून सांगितलंच नाही. पुढे गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते तुम्ही भोगलंय. बियाणं घरी आलं, त्यामागचा विचार आला नाही. म्हणून मला विचारवंतही पाहिजेत आणि शास्त्रज्ञही.

सूतकताई
मी सेवाग्रामजवळ राहते. इथं यंत्रावरचा वाद जुना आहे. गांधीजींना १९२४ साली एका तरुणानं विचारलं होतं की तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का. त्यांनी शिवणयंत्र अपवाद म्हणून मान्य केलं, कारण ते घरातल्या बाईचे कष्ट वाचवतं. १९२९ साली चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. यंत्राला नुसता नकार देणारे असं कशाला करतील? मग वेचणी यंत्राची मालकी कोणाची, वाचलेला पैसा कोणाच्या घरी जाणार, हे विचारा. काकूंच्या गटानं यंत्र घेतलं आणि भाड्यानं चालवलं तर?

निळं आभाळ
सूतकताई ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मला पटला. पण गावाचं गोड चित्र मला नको. बाबासाहेबांनी १९४८ साली संविधान सभेत खेड्याला संकुचितपणाचं डबकं म्हटलं, ते उगाच नाही. १९४५ साली त्यांनी लिहिलं, यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जगणं शक्य नाही. दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे. माझी आई तीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात वेचायला गेली. तिच्या पाठीला त्या कष्टाचं कौतुक नव्हतं. यंत्र यावं. मात्र ते ज्यांच्या हातचं काम घेणार त्यांना आधी विचारावं. आणि बैठकीत आमच्या वस्तीतली माणसं दाराजवळच का बसतात, हेही मास्तर, एकदा बोला.

वाचनालयवाला मास्तर
हे मला आधी सुचायला हवं होतं. खरं आहे. सतरंजी मधोमध अंथरतो आणि पुढे कोण बसतं ते बघतच नाही.

पऱ्हाटीवाला
निळं आभाळ भाऊ, मानलं. पन विचारून होनार काय? निर्नय तं पैशावालेच घेतात.

लेखा-रस्ता
गडचिरोलीतलं मेंढा गाव बघा. तिथं अभ्यास गट चालतो. बाहेरचा कोणीही विद्वान येऊन बोलू शकतो, गावही त्याला प्रश्न विचारतं. निर्णय मात्र ग्रामसभेत, सगळ्यांच्या सहमतीनं, गावकरीच घेतात. एकजण जरी अडला तरी पुन्हा बसायचं. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यातून आली आणि २००९ मध्ये त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. पैशावाले तिथंही होते.

पऱ्हाटीवाला
जंगल येगळं, वावर येगळं. वावर ज्याच्या त्याच्या नावाचं. सातबाऱ्यावर सहमती होत नाही, भाऊ.

सूतकताई
वावराची नाही, यंत्राची सहमती. भाव काय, मजुरी काय, कोणाकडे आधी न्यायचं, एवढंच.

पऱ्हाटीवाला
तेवढ्याची होऊ शकते. मी येतो बैठकीले.

वाचनालयवाला मास्तर
पुढची बैठक शनिवारी संध्याकाळी पाचला, स्वयंपाकाच्या आधी. सतरंजी गोल अंथरीन. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे दाट लागवडीबद्दल सांगायला माणूस मागतो. पण आधी अर्धा तास पाहुणे ऐकतील. काकूंना घरी जाऊन सांगितलं. म्हणाल्या, "येतो, पन माह्यासंगं दोघी-तिघी येतील, त्याईलेबी इचारा."