अपघातग्रस्ताच्या वकिलाने भरपाईत टक्का घ्यावा का?

जाबजबाब (धागा)

मोटार अपघाताच्या क्लेममध्ये एकोणीस वर्षं मी अर्जदाराच्या बाजूने उभी राहते आहे. विमा कंपनीच्या पॅनलवर येण्याबद्दल दोनदा विचारणा झाली, गेले नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं म्हणणं आमच्याच पेशातल्या पुष्कळांना पटत नाही. भरपाईच्या रकमेवर ठरावीक टक्के फी घ्यायला वकिलाला कायद्याने परवानगी असावी. वरची मर्यादा घालून, लेखी करार करून, ट्रायब्युनलसमोर, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात त्या न्यायाधिकरणासमोर, उघडपणे.

आज ती नाही. निकालावर अवलंबून फी ठरवू नये, असा बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांचं नियमन करणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच पुन्हा बजावलं. त्या खटल्यातल्या बाईंचा नवरा अपघातात गेला होता. वकिलाने दहा लाख फी घेतल्यावरही आणखी तीन लाखांचा चेक घेतला, तो वटला नाही म्हणून त्यांच्यावरच फौजदारी केस केली. न्यायालयाने ती रद्द केली. निकाल अगदी योग्य होता.

पण टक्का थांबला का? कोर्टाच्या आवारात कुणालाही विचारा. कागदावर काही नसतं, तोंडी ठरतं, आणि वकीलपत्रावर सही घेतानाच कोऱ्या चेकवरही सही घेतली जाते. नियमामुळे टक्का अंधारात गेला आणि अंधारात त्याला कुठलीच मर्यादा राहिली नाही.

मी टक्का घेत नाही. कामाच्या टप्प्यांप्रमाणे ठरावीक फी सांगते. समोर बसलेल्या बाईचा कमावता माणूस दोन महिन्यांपूर्वी गेलेला असतो, शाळेची फी थकलेली असते, आणि मी तिला आकडा सांगते. ती म्हणते, घरी विचारून येते. त्यातल्या कितीतरी जणी परत आल्या नाहीत. काही जणी पुढे कोर्टाच्या व्हरांड्यात दिसल्या, दुसऱ्या कुणा वकिलाबरोबर. तो टक्क्यावर चालतो हे मला ठाऊक होतं.

काम काय असतं तेही सांगते, कारण लोकांना वाटतं अर्ज टाकला की पैसे येतात. समजा एका सुताराचा हात निकामी झाला आणि दाखल्यावर साठ टक्के अपंगत्व लिहिलं. विमा कंपनी म्हणणार, कमाईचं नुकसानही साठच टक्के. २०१० च्या ‘राजकुमार’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक समजावला आहे: हात गेलेला सरकारी कारकून नोकरीत राहू शकतो, सुताराची किंवा ड्रायव्हरची मात्र जवळजवळ सगळी कमाई जाते. पण कायदा आहे म्हणून कुणी आपणहून पैसे देत नाही. डॉक्टरला साक्षीला आणायचं, सुतार कुणाकडे काम करायचा ती माणसं शोधायची, त्यांना कोर्टात बोलायला तयार करायचं, उलटतपासणीत त्यांना टिकवायचं. हे वर्षानुवर्षं चालतं. तोवर जोखीम कुणी घ्यायची? ज्याच्याकडे काहीच उरलं नाही त्याने, की वकिलाने?

उंबरा

ताई, तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही. पण मी त्या दुसऱ्या बाजूला बसलोय, माझ्या बहिणीच्या शेजारी.

हिशोब करून बघा. माणूस अडतीस वर्षांचा, स्वतःचा धंदा, महिना पंधरा हजार. वर्षाचे १,८०,०००. पुढे कमाई वाढली असती त्याचे चाळीस टक्के धरले की २,५२,०००. घरात चौघं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले १,८९,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या ‘सरला वर्मा’ निकालातल्या तक्त्याप्रमाणे त्या वयाला पंधराचा गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला पंधराने गुणायचं. झाले २८,३५,०००. आता त्यातला वीस टक्के वकिलाचा: ५,६७,०००. हे बरोबर तीन वर्षांचं घर चालवणं झालं. पंधरा वर्षांच्या आधारातली तीन वर्षं वकिलाची. हा आकडा पांढऱ्यावर काळा केला म्हणून लहान होत नाही.

आणि टक्क्यावरचा वकील लढेलच असं तुम्ही कशावरून धरता? आमच्या वकिलाने साक्षच होऊ दिली नाही. लोक अदालतीची तारीख लागली आणि तो म्हणाला, घेऊन टाका, पुढे काय होईल सांगता येत नाही. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. वीस लाखांवरचा टक्का आज मिळत असताना अठ्ठावीस लाखांवरच्या टक्क्यासाठी चार वर्षं तो कशाला झिजेल? ते आठ लाख माझ्या बहिणीच्या मुलांचे होते.

शिवाय १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना, मुलांना, अपंगांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, केस संपल्यावर कळलं. टक्का कायदेशीर करण्यापेक्षा ही माहिती कोर्टाच्या दारावर मोठ्या अक्षरात का लावत नाही?

दिवेलागण

मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. उंबरा यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं.

टक्क्याने खोट्या क्लेमला खतपाणी मिळतं. पडून जखमी झालेल्या माणसाच्या कागदांत नंतर गाडीचा नंबर घुसवलेला मी पाहिला आहे. उत्तर प्रदेशात तर बनावट क्लेमच्या तपासासाठी एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. वकिलाचा पैसा रकमेला बांधला की रक्कम फुगवण्यात त्याचा स्वार्थ येतो. ठरावीक फी असली तर खोटी केस नाकारणं त्याला सोपं जातं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. खरे क्लेमही आम्ही ताणले. वरून लेखी आदेश कधी नव्हता, पण अपील करून ठेवा, बघू, ही आमची रीत होती. बाई गृहिणी होती, म्हणजे कमाई शून्य, असं आम्ही लेखी जबाबात बिनदिक्कत लिहायचो. पहाटेपासून रात्रीपर्यंत घर ओढणाऱ्या बाईबद्दल! २००१ पासून सर्वोच्च न्यायालय त्या कामाची किंमत धरत आलं, २०२१ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितलं, आणि हे वदवून घेतलं ते अर्जदारांच्या वकिलांनी. त्या वकिलांबद्दल मला आदर आहे. तो त्यांच्या टक्क्याला मात्र नाही.

जाबजबाब

उंबरा, तुमच्या बहिणीबाबत झालं ते चूकच. साक्ष होण्याआधीच्या तडजोडीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, तो माझ्या मांडणीतला सर्वात कच्चा भाग आहे. म्हणून दर टप्प्यानुसार असावा असं वाटतं. साक्षीपुरावा न होता तडजोड झाली तर टक्का अगदी नाममात्र. औषधोपचार आणि पुढच्या शस्त्रक्रियांच्या रकमेवर शून्य, ते पैसे दवाखान्याचे आहेत. आणि रक्कम थेट अर्जदाराच्या खात्यात. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दिशेने निर्देश दिलेच आहेत. वकिलाची फी ट्रायब्युनलच्या आदेशात वेगळी लिहिलेली असावी. कोरा चेक सापडला तर वकिलीची सनद जावी.

मोफत वकिलाबद्दल: मी स्वतः सहा वर्षं त्या पॅनलवर होते. येणाऱ्या प्रत्येक बाईला तो हक्क सांगते. पण तिथलं मानधन इतकं तुटपुंजं आणि केसेस इतक्या, की सुताराच्या मालकाला शोधायला कुणी जात नाही. मीही प्रत्येक वेळी गेले नाही, हे आजही टोचतं.

दिवेलागण काका, खोटा क्लेम करणारा आजही टक्क्यावरच चालतो. बंदीने तो अडला असता तर एसआयटी लागली नसती.

कोरडवाहू

मी ग्राहकांच्या बाजूचं बोलतो. दहा वर्षं तक्रारी लिहून देतोय, वकील नाही.

तुमचा टक्का लाखांत चालतो. ज्याची तक्रार वीस हजारांच्या नादुरुस्त यंत्राची आहे, त्याच्यासाठी टक्क्यावरचा वकील कधीच उभा राहणार नाही. म्हणून १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा करताना विचारच वेगळा होता: ग्राहकाने स्वतः यावं, साध्या कागदावर बोलावं. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला आजही फी नाही. कायद्याच्या आधी बारा वर्षं, १९७४ मध्ये, पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, ती वकिलांच्या भरवशावर नव्हे. वकील नसलेल्याने ग्राहकाची बाजू मांडू नये म्हणून खटला झाला, तेव्हा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिनिधींचा हक्क राखला. पण समोर कंपनीचा वकील, तारखांवर तारखा, कायद्यातली तीन महिन्यांची मुदत कुठल्या कुठे. साधा माणूस तिथेच गळतो.

आणि ताई, एक थेट प्रश्न. डॉक्टर १९९५ पासून ग्राहक कायद्याखाली आहेत. वकील नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ ला ठरवलं. म्हणजे उंबरांच्या बहिणीने आपल्या वकिलाविरुद्ध सेवेतल्या त्रुटीची तक्रार ग्राहक आयोगात करायची म्हटली, तर ते दार बंद. उरते बार कौन्सिल, म्हणजे वकिलांचीच संस्था. अशिलाच्या पैशात वाटेकरी व्हायचं असेल तर आधी अशिलाला उत्तर द्यायला तयार व्हा.

जाबजबाब

तुमचा शेवटचा मुद्दा मी मान्य करते. त्या निकालावर आमच्या बार रूममध्ये पेढे वाटले गेले, मी घेतला नाही. टक्का घेणारा वकील तरी ग्राहक आयोगासमोर उत्तरदायी असलाच पाहिजे, ही अट माझ्या मागणीत आता पहिली राहील. बाकी मागणी मी सोडत नाही. घरी विचारून येते म्हणून गेलेल्या बायांना द्यायला माझ्याकडे अजून दुसरं उत्तर नाही.

उंबरा

ताई, टक्क्याला माझा विरोध कायम आहे. तरी उद्या कायदा झालाच, तर करार मराठीत असावा आणि ट्रायब्युनलच्या कर्मचाऱ्याने तो अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवावा. माझ्या बहिणीने सही केली तो कागद इंग्रजीत होता. त्याची प्रत तीन वेळा मागितली, अजून मिळालेली नाही.

जाबजबाब

केस संपली असली तरी कागदपत्रं परत मागायचा हक्क तिला आहे. बार कौन्सिलकडे तक्रारीचा अर्ज मी लिहून देते, फी नको. तिला या आठवड्यात माझ्याशी बोलायला सांगा.