वाजवता न येणाऱ्यांच्या वादनाविषयी

‘ज्यांना वाद्य नीट धरताही येत नाही, त्यांच्या गोंगाटाला क्राउटरॉक म्हणून डोक्यावर घेऊ नये’ हे मत (क्राउटरॉक म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतील प्रायोगिक जर्मन रॉक) अमोन ड्यूल या जर्मन गटाच्या बाबतीत मला मान्य नाही, परंतु त्यामागचा वैताग मी समजू शकतो. म्युनिकमधील ज्या कम्यूनमधून, म्हणजे एकत्र राहणाऱ्या समूहातून, हा गट निघाला, तेथे वाजवता येणे ही अटच नव्हती. जो हजर असेल त्याने ढोल, खुळखुळा किंवा गिटार हाती घ्यावे, हा त्यांच्या राजकीय भूमिकेचाच भाग होता. संगीताकडे गांभीर्याने पाहणारे १९६८ मध्ये वेगळे झाले आणि त्यांनी अमोन ड्यूल २ उभा केला.

मूळ गटाच्या १९६९ च्या ‘सायकेडेलिक अंडरग्राउंड’ या पहिल्या तबकडीतील सुमारे १७ मिनिटांचा पहिला तुकडा ऐकावा. गिटार एकाच ठेक्यावर खरवडत राहते, ढोल मागेपुढे होतात आणि मधूनच सामूहिक आरोळ्या उठतात. सुरुवातीला मलाही कंटाळा आला होता. नंतर मात्र ठेका कुठे निसटतो आणि सगळे पुन्हा एकत्र कसे येतात, याकडेच कान लागले. तालीम करून बसवलेल्या वादनात ही सावरण्याची धडपड ऐकायला मिळत नाही.

एक तक्रार मात्र अगदी रास्त आहे. त्याच ध्वनिमुद्रण सत्रांच्या उरलेल्या फितींतून पुढे ‘कोलॅप्सिंग’ आणि १९७२ चा दोन तबकड्यांचा ‘डिझास्टर’ हे अल्बम बाजारात आणले गेले. कोणी ‘डिझास्टर’पासूनच सुरुवात केली, तर तो चिडणे स्वाभाविक आहे; नवख्या श्रोत्याने ‘सायकेडेलिक अंडरग्राउंड’पाशीच थांबावे, असे मला वाटते.