शार्क दिसला अन् श्वासच आवरेना, पुढच्या डाइव्हला जाऊ का? आज रात्रीपर्यंत सांगा

कपाशीवाला:
मदत पाहिजे. स्कूबा डायव्हिंगचा कोर्स झाला, कार्ड आलं, त्यानंतरच्या पहिल्याच डाइव्हला समोर शार्क. हातपाय गार पडले, श्वास एवढा जोरात चालला की हवेची टाकी भराभर रिकामी, बाकीचे खालीच होते अन् मले गाइडसोबत वर यावं लागलं. आता तोच ग्रुप परत चालला, अॅडव्हान्स आज भरायचाय. घरचे नाही म्हणतात, मले मनापासून जायचं हाय. परत दिसला तर काय करायचं तेवढं नीट सांगा. गावात रेंज जाते-येते, लवकर बोला.

खोलपाणी:
कुठे? किती खोल? कोणता शार्क? 500 च्या वर जाती आहेत, नुसतं शार्क म्हणून काय सांगणार.

मालवणी_लाट:
एवढ्या लांब कशाला जाता, तारकर्लीला या. आमच्या बाजारात लहान शार्क मोरी म्हणून येतो, कालवण करतो आम्ही. घाबरण्यासारखं काही नाही.

खोलपाणी:
बाजारातल्या मोरीचा इथे काय संबंध? आणि खाऊन खाऊनच कमी झालेत ते, पिल्लं थोडी होतात, वाढायला वर्षं लागतात.

मालवणी_लाट:
मग मच्छीमारांनी काय खायचं? मोठ्या ट्रॉलरवाल्यांना बोला आधी.

टिपेश्वरकर:
भाऊ, मी पांढरकवड्याकडचाच. आमच्या वावरात वाघ येते. पाठ दाखवून पळायचं नाही, तोंड त्याच्याकडं ठेवून हळूहळू मागं सरकायचं. इथंबी तेच करा.

वर्धेची_ताई:
दादा, डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नका, बऱ्याच डाइव्ह झाल्या असतील तर किमान 18 तास थांबा. हे कोणी नीट सांगत नाही.

कपाशीवाला:
ताई, विमानाचं माहीत हाय. अंदमानात हॅवलॉक बेटावर होतो, 15 मीटरच्या आसपास. वाळूवर पडून होता, माणसाएवढा लांब, पाठीवरच्या पराचं टोक पांढरं. सारखं तोंड उघडत होता अन् मिटत होता, मले वाटलं मलेच पाहून करून रायला.

खोलपाणी:
हे आधी लिहायचं ना! व्हाइटटिप रीफ शार्क. दिवसा तळाशी पडून राहतो, शिकार रात्री. तोंड उघडमिट करतो ते कल्ल्यांतून पाणी ओढायला, तो श्वास घेत होता. 15 मीटरला दाब अडीचपट, म्हणजे वरच्यापेक्षा एका श्वासाला अडीचपट हवा जाते, त्यात धापा टाकल्या तर टाकी कशी पुरेल? दिसला की आहे तिथेच थांबा, सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. श्वास रोखून वर मात्र कधीच नाही, फुप्फुस फाटतं. गाइडला बोटीवरच सांगून ठेवा की मागच्या वेळी असं झालं, तो जवळ राहील. वाघाचं नजर ठेवायचं तेवढं बरोबर. ग्रे रीफ शार्क पाठ वाकवून बाजूचे पर खाली पाडून पोहायला लागला तर मात्र तिथून निघायचं, तो हाकलतोय.

टिपेश्वरकर:
मी तेच म्हटलं होतं.

खोलपाणी:
नाही हो, तुमचा वाघ वावरात येतो, इथे आपण त्याच्या घरात गेलोय.

कपाशीवाला:
भरतो अॅडव्हान्स. गाइडला आजच मेसेज टाकतो. त्याच्या शेपटीकडून गेलं तर चालते का?

खोलपाणी:
अंतर ठेवून बाजूने जा. शेपूट धरायची नाही, एवढा गरीब पण चावतो मग.

सोयाबीन_अमरावती:
भाऊ कोर्सले किती लागले? पोहणं येत नाही मले, जमते का?

वर्धेची_ताई:
कोर्सला 200 मीटर पोहावं लागतं आणि 10 मिनिटं तरंगावं लागतं. शिकवणारं कोणी असेल तर गावच्या विहिरीत आत्तापासून सुरू करा, कंबरेला डबा बांधून.