१०×५० दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका सापडत नाही

प्रश्न: दोन डोळ्यांची दुर्बीण आहे (१० पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची). शर्मिष्ठा तारकासमूहाच्या खाली शोधतोय. तारे ठसठशीत दिसतात, दीर्घिका मात्र नाही. काय चुकतंय?

उत्तर १: सुरुवात देवयानी तारकासमूहातल्या मिराक या ठळक ताऱ्यापासून करा. तो मधोमध आणून शर्मिष्ठेच्या दिशेने सुमारे ४ अंश सरका, म्यू नावाचा तारा लागेल. त्याच दिशेने ३ अंश पुढे न्यू हा तारा. त्याच्या पश्चिमेला सव्वा अंशावर लांबट, फिकट धुरकट डाग आहे, तीच दीर्घिका! न्यू मधोमध ठेवला की डाग आपोआप दृष्टिक्षेत्रात, म्हणजे दुर्बिणीतून दिसणाऱ्या भागात येतो. फोटोतल्या रंगीत भुजा शोधू नका, बहुतेक जण तिथेच फसतात आणि डाग ओलांडून पुढे जातात.

उत्तर २: चंद्र नसलेली रात्र निवडा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात, मोबाईलकडे एकदा पाहिलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. डागावर थेट नजर रोखू नका, किंचित बाजूला पाहा. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसतात.

उत्तर ३: फोकसही तपासा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने तारा टोकदार करा, मग डावा मिटून उजव्या नेत्रिकेची (डोळ्याजवळच्या भिंगाची) कडी फिरवा. हात थरथरत असेल तर फिकट कडा पुसल्या जातात, दुर्बीण ट्रायपॉडवर लावा.