एन्थुझिॲस्टिकली: तुकडे सहा की सात?

बाळीवेसकर
आठवीच्या मुलांकडून वक्तृत्वासाठी हा शब्द बसवून घ्यायचाय. सोलापूरचा वर्ग, घरी कुणाच्या मराठी, कुणाच्या कन्नड, कुणाच्या तेलुगू. पण गाडी सगळ्यांची 'टिकॅली'वरच अडते. डिक्शनरीत ठिपके देऊन सात तुकडे पाडलेत, कानाला मात्र सहाच येतात. परीक्षकांपुढे काय म्हणायचं?

शेंगाचटणी
सहाच की ओ. इन्-थ्यू-झि-ॲस्-टिक्-ली. ते ठिपके ओळ संपताना शब्द कुठं तोडायचा ते सांगतात. उच्चार तिरप्या रेघांत दिलेला असतो, तो बघा. शेवटच्या आय-सी-ए-एल-एल-वायमधला ए बोलताना गळतो. बेसिकली, पॉलिटिकली, ऑटोमॅटिकली, सगळीकडे 'इक्ली'च. मुलांना कपाळावरची टिकली म्हणायला लावा, निम्मं काम झालं.

जोर चौथ्या तुकड्यावर, 'ॲस्'वर. त्याहून हलका 'थ्यू'वर. विशेषण 'इक'नं संपत असेल तर जोर बहुधा त्याच्या अलीकडच्या तुकड्यावर पडतो आणि पुढं ली लागली तरी हलत नाही. सायंटिफिक, इकॉनॉमिक म्हणून बघा. अरेबिक, कॅथलिक हे अपवाद, तिथं जोर पहिल्यावर.

होटगीरोड
सात म्हटलं तरी चूक नाही. काही अमेरिकन डिक्शनऱ्या तो पुसट 'अ' कंसात देतात, म्हणजे घ्या नाहीतर सोडा. 'कॅ' मात्र नको.

खरी गोम 'झि'त आहे. देवनागरीत लिहून दिलं की मुलं 'झिजणे'तला झि म्हणतात. 'झाड'मधला झ जवळचा, पण त्यातही जीभ आधी टेकते, म्हणून तो लांबवता येत नाही. गळ्यावर बोटं ठेवून 'स्स्स' लांबवायचा आणि जीभ न हलवता त्यातच आवाज सोडायचा. गळा थरथरला की हवा तो ध्वनी आला. तसंच 'थ' थंडीतला नाही: जिभेचं टोक वरच्या दातांना जेमतेम लावून फटीतून हवा सोडायची.

बाळीवेसकर
सराव पुढून घ्यावा की मागून?

शेंगाचटणी
मागून. टिक्ली, ॲस्टिक्ली, झिॲस्टिक्ली, थ्यूझिॲस्टिक्ली, मग पूर्ण. पुढून घेतलं की सगळा दम 'थ्यू'वर जातो आणि जोर तिथंच अडकून बसतो. टाळी फक्त 'ॲस्'ला. 'झि' आणि 'ॲस्'च्या मधे थांबू देऊ नका, दोन शब्द वाटतात. मधे पुसटसा 'य' आला तर येऊ द्या.