मदत हवी आहे: एका लॉटच्या मिक्सरवरून ग्राहक एकत्र केस करणार म्हणतायत, पण मिक्सर मी बनवलेच नाहीत

नमस्कार मंडळी, सांगलीत वडलांपासूनचं घरगुती सामानाचं दुकान आहे. दिवाळीआधी बाहेरून 120 मिक्सर बनवून घेतले, वर आमचा स्टिकर लावला आणि खोक्यावर हौसेनं छापलं "दोन वर्षं बिनघोर". आता जारच्या बुशातून (पात्याचा दांडा ज्यात फिरतो तो भाग) काळं तेल वाटणात उतरतंय. एका काकूंनी फोटो पाठवला, पांढऱ्याशुभ्र खोबऱ्याच्या चटणीत मधोमध काळा ओघळ, बघून मलाच कसंतरी झालं.

जार बदलून द्यायला मी तयारच आहे, पण त्यांना पूर्ण पैसे आणि वर भरपाई पाहिजे. व्हॉट्सॲप ग्रुपवर 23 जण झालेत आणि त्यातला एक रोज टाकतो की 2019 च्या ग्राहक कायद्यात कलम 35 खाली सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार चालते. म्हणजे बाकीचे ग्राहक गप्प असले तरी तेही धरणार का? माल बनवणारा फोन उचलत नाही. वकील म्हणतात स्वतःचं नाव लावलंत म्हणजे तुम्हीच उत्पादक. हे खरंय का? मोठ्या कंपनीकडे लीगल डिपार्टमेंट असतं, इथे मी आणि गल्ल्यावर भाऊ.

प्रतिसाद 1: वकील बरोबर आहेत, स्टिकर लावला की कायद्याने उत्पादकच. गटाच्या तक्रारीला घाबरू नका, ती सोय 1986 च्या कायद्यातही होती आणि ग्राहक आयोगाची परवानगी लागते, सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे हे त्यांना दाखवावं लागतं. नवीन आहे ते प्रोडक्ट लायबिलिटी, म्हणजे सदोष मालामुळे झालेल्या हानीची जबाबदारी. पण त्यात नुसता मिक्सर बिघडला हे धरत नाहीत, कुणाला इजा, आजारपण किंवा दुसऱ्या वस्तूचं नुकसान लागतं. सदोष माल म्हणून पैसे परत द्या असा आदेश मात्र होऊ शकतो. आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे कुणी गेलं तर ते चौकशी करून अख्खा लॉट परत मागवायला लावू शकतात. कोणी आजारी पडलंय का?

धागाकर्ता: नाही हो, अजून तरी कुणी तसं म्हटलं नाही. शिल्लक 31 नग आज काउंटरवरून काढले. बिलबुकातून बाकीच्या 89 जणांचे नंबर काढतोय, पण अर्ध्या बिलांवर नुसतं "रोख" लिहिलंय, त्यांना कसं शोधायचं?